पाटावरची माती

त्या वर्षी पावसाने नुसता वेळकाढूपणा केला. जून कोरडा गेला, जुलै ओलसर, आणि ऑगस्टमध्ये आभाळ रोज भरून यायचं आणि रोज कुणीतरी परत बोलावल्यासारखं निघून जायचं. नदी पुलाखालून अंग चोरून वाहत होती. मग सप्टेंबरात वर घाटात एकदम कोसळला, धरणं भरली आणि ऐन अनंत चतुर्दशीच्या पहाटे पाणी सोडलं. वर्षभरात जे काही वाहायचं होतं ते दीड दिवसात वाहून गेलं.

याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मेहजबीन अत्तारला तर विचार करायलाही सवड नव्हती. ती त्या वेळी येरवड्यात, नावघाट वस्तीतल्या आपल्या घरात, गुडघाभर पाण्यात उभी राहून वडिलांच्या हातात एकेक गाठोडं देत होती आणि अय्युब अत्तार स्टुलावर चढून ते माळ्यावर टाकत होते.

मेहजबीन गाळ मोजायची. तळाशी बसलेला नाही, पाण्यात मिसळून वाहणारा, तरंगता गाळ. नोकरी काय करता म्हणून कुणी विचारलं आणि तिने सांगितलं की लोक आधी हसायचे, मग विचारायचे, की गाळ मोजून मिळतं काय. पुण्यात असा प्रश्न विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, त्यामुळे तिनेही उत्तर देणं सोडून दिलं होतं. काम मात्र ती जीव ओतून करायची. रोज सकाळी प्रयोगशाळेतले रंगराव कोंढाळकर पुलावर जायचे, लोखंडी पिंजऱ्यात बसवलेली बाटली दोराने खाली सोडायचे, ती पाण्याच्या मध्याच्या जरा खाली पोचली की दुसऱ्या दोरीला हिसका देऊन तिचं बूच उघडायचे आणि भरली की वर ओढायचे. बाटलीवर तारखेची चिठ्ठी लागायची. प्रयोगशाळेत ती रात्रभर न हलवता ठेवायची. गाळ खाली बसला की वरचं पाणी काढून टाकायचं, खालचा चिखल गाळणकागदावर घ्यायचा, भट्टीत वाळवायचा आणि वजन करायचं. एका बाटलीत जेमतेम चिमूटभर निघतो. पण त्या चिमटीला नदीच्या पाण्याने गुणलं की डोंगर उभा राहतो. मेहजबीनची उमेदीची सगळी वर्षं त्या गुणाकारात गेली होती आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

यंदा तो गुणाकार तिच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. नावघाटच्या वरच्या अंगाला नदीकाठाने नवा रस्ता होत होता. गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर ठेकेदाराने काम सुरू केलं आणि काठावर मुरमाचा लांबच लांब भराव टाकला. टाकला म्हणजे नुसता ओतला. ना त्याला दगड रचून केलेलं पिचिंग, ना आडवी भिंत. अनंत चतुर्दशीच्या पाण्याने तो भराव खरवडला आणि आणून नावघाटच्या वळणावर ठेवला, जिथे नदी नेहमी जरा दम खाते. वस्तीच्या पायऱ्यांशी येऊन परत फिरणारं पाणी यंदा पहिल्यांदा घरांत शिरलं, शेजारच्या बायडाबाईंच्या चुलीत शिरलं, मशिदीत हातपाय धुवायच्या वजूखान्यात शिरलं. पाणी उतरल्यावर वळणावर लाल मुरमाचा उंचवटा राहिला. आता पुढच्या वर्षी थोडं जरी पाणी सोडलं तरी ते सरळ घरात येणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता.

पण इंजिनिअर आलेच, आणि पाठोपाठ समितीही आली. समितीपुढे दोनच वाटा होत्या. नदीने यंदा नेहमीपेक्षा बराच जास्त गाळ आणला असेल तर दोष भरावाचा. मग ठेकेदाराने भराव उचलायचा, वळण मोकळं करायचं आणि वस्तीने आहे तिथे राहायचं. गाळ नेहमीइतकाच असेल तर दोष नदीच्या स्वभावाचा. मग वस्ती पूरपट्ट्यात धरायची आणि माणसं उचलून शहराबाहेरच्या इमारतींत नेऊन ठेवायची. समितीने प्रयोगशाळेकडे एकच आकडा मागितला होता, की यंदाच्या पावसाळ्यात भरावाच्या खालच्या अंगाच्या पुलाखालून किती गाळ गेला.

अय्युब अत्तारांनी ही बातमी वस्तीभर केली. छापखान्यात बाइंडर म्हणून उमर गेलेला माणूस. एकेक भिंत उभी करत त्यांनी ते घर बांधलं होतं, आणि मेहजबीनच्या अम्मीने त्याच घराच्या मधल्या खोलीत डोळे मिटले होते. घरात बाप-लेक हिंदीत बोलायचे, पण काही गंभीर असलं की अब्बा मराठीवर यायचे. ते का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. वस्तीतल्या चहाच्या टपरीवर ते सगळ्यांना मराठीत सांगत सुटले, की घाबरू नका, नदी माझी मुलगी मोजते.

मेहजबीनलाही काळजी वाटत नव्हती. आठवडाभर रजा काढून तिने घरातला चिखल फावड्याने उपसला होता. आपल्या नदीचा गाळ काळपट असतो, मऊ असतो, बोटांना साबणासारखा लागतो. हा लाल होता, खरखरीत होता, आणि धुतला तरी फरशीच्या सांध्यातून जात नव्हता. धरणातून सुटलेलं पाणी तसं नितळच असतं. जे काही आणतं ते वाटेत उचलून आणतं. त्या दिवशीच्या एका बाटलीचं वजन केलं तरी भरावाचं पितळ उघडं पडणार होतं, आणि पूर असला की रंगराव तासातासाला बाटली भरायचे. म्हणजे बाटल्यांची रांगच्या रांग असणार. ती निर्धास्त मनाने कामावर गेली.

आकडेवारी मांडायला बसली तेव्हा तिला पहिला धक्का बसला. वर्षाची बेरीज गेल्या कित्येक वर्षांत नव्हती इतकी कमी आली होती. तिने पुन्हा केली, पुन्हा तीच आली. मग तिने तारखा पाहिल्या. अनंत चतुर्दशी आणि तिच्या पुढचा दिवस बेरजेत नव्हता. त्या दोन्ही दिवसांपुढे ‘वगळा’ असा शिक्का होता.

शिक्का नियमाने पडला होता आणि नियम मेहजबीनने लिहिला होता. नोकरीत नवीन असताना एका वर्षी विसर्जनाच्या दिवशीच्या बाटलीत शाडू आणि रंग निघाला, आकडा भलताच वर गेला, तो कुणीतरी वर्तमानपत्राला दिला आणि शहरात आठ दिवस रणधुमाळी माजली. नदी गढूळ कुणी केली, सण बदनाम कुणी केला, यावर ज्याला त्याला मत फुटलं. तेव्हा तिने अर्ध्या पानाची सूचना लिहून वर पाठवली होती. माणसांनी सोडलेली माती नदीच्या नावावर घालू नये; विसर्जनाचे दिवस आकडेवारीतून वगळावेत. शेवटच्या विसर्जनाच्या बाबतीत पुढचा दिवसही, कारण आपल्याकडे मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते. सगळ्यांना ते पटलं. नदीला न्याय मिळाला, सणाला मान मिळाला, साहेबांची डोकेदुखी गेली. मेहजबीनची पाठ थोपटली गेली आणि ती त्या अर्ध्या पानावर कितीतरी वर्षं खूश होती.

ती तडक बिरादार सरांच्या खोलीत गेली. वैजनाथ बिरादार प्रयोगशाळेचे प्रमुख होते. लातूरकडचे, मृदू बोलणारे, कधी कुणावर आवाज न चढवणारे. वाईट माणूस नव्हता. वाईट माणूस असता तर निदान भांडता तरी आलं असतं. तिने त्यांना सगळं सांगितलं. यंदाचा एकमेव पूर त्या दोन दिवसांतच आला. आधीच्या वर्षांचे पूर जुलै-ऑगस्टमधले, ते सगळे मोजलेले आहेत. आणि यंदाचा तेवढा वगळला तर तुलना कशाची कशाशी करणार? शिवाय पुरामुळे त्या दिवशी पोलिसांनी सगळे घाट बंद ठेवले होते. लोकांनी गणपती हौदांत सोडले, घरी पिंपात सोडले. नदीत त्या दिवशी एक मूर्ती गेली नाही.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, “नियमात मूर्ती लिहिलेली नाही, अत्तार मॅडम. तारीख लिहिलेली आहे. आणि हस्ताक्षर तुमचं आहे.”

ती म्हणाली की ठीक आहे, ज्याने लिहिला त्यालाच त्याचं कारण माहीत असतं, आणि ते कारण त्या दिवशी नव्हतं. सर बोलले तेव्हा त्यांचा आवाज आणखी खाली आला होता.

“तुमचं घर त्या वस्तीत आहे. तुमचं आडनाव अत्तार आहे. आणि दिवस अनंत चतुर्दशीचा आहे. या तीन गोष्टी एका कागदावर आल्या की आकडा कोण वाचणार? मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं तिच्या बाटल्यांना आडनाव नव्हतं. इतकी वर्षं ती त्याच खोलीत मोदक खात आली होती आणि ईदला सगळ्यांसाठी शीरखुर्मा आणत आली होती, आणि सर वाटी पुसून खायचे. आता एकाएकी तिच्या तराजूवर तिचं आडनाव येऊन बसलं. सगळ्यांत जास्त राग तिला याचा आला की सर म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं.

ती उठली नाही. बसून राहिली, आणि शेवटी सरांनाच अवघड झालं. मग ते म्हणाले की मुख्य आकडा नियमाप्रमाणेच जाईल, तिथे हात लावता येणार नाही. पण त्या दिवसाच्या बाटल्यांची वजनं करून आणा, आपण सोबत टिपण जोडू, समिती वाचेल तर वाचेल. वगळलेल्या बाटल्या फेकत नाहीत, हंगाम संपेपर्यंत खालच्या फळीवर ठेवतात, हेही तिच्याच अर्ध्या पानात होतं. मेहजबीनला तेवढं पुरे होतं. टिपणातला आकडाच असा असणार होता की समितीला मुख्य पान बाजूला ठेवून तेच वाचावं लागलं असतं. ती जवळजवळ पळतच मागच्या खोलीत गेली.

खालच्या फळीवर बाटल्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या, पालथ्या घातलेल्या, ओळीने.

रंगराव मागच्या अंगणात चहा पीत बसले होते. खराडीच्या पलीकडच्या वाडीतला हा म्हातारा, निवृत्त होऊनही रोजंदारीवर येत होता, कारण पुलावरून बाटली सोडायचा हात दुसऱ्या कुणाला बसेना. मेहजबीनने बाटल्यांबद्दल विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा उलट उजळला. काहीतरी चांगलं केल्याचं सांगायची संधी मिळाली, असं त्यांना वाटलं.

“यंदा घाटावर जाऊ दिलंच न्हाई, म्याडम. आमच्या वाडीतबी पोलीस हुते. गनपती पिंपात बुडवला. मग पाट तसाच रिकामा घरात आनायचा?”

गणपती बुडवून परत येताना पाटावर नदीतली मूठभर माती आणायची, ती घरात चार कोपऱ्यांत टाकायची, धान्यात टाकायची. हे मेहजबीनला चांगलं माहीत होतं. नावघाटात ती लहानपणापासून पाहत आली होती. बायडाबाई तर तिच्या अम्मीलाही चिमूटभर आणून द्यायच्या आणि अम्मी ती तांदळाच्या डब्यात टाकायची. बरकतीला धर्म नसतो, असं अम्मी म्हणायची.

रंगराव सांगत राहिले. नदीत उतरता येईना, पण नदीची माती तर बाटल्यांत खाली बसलेली, आणि तीही नेमकी त्या दिवशीची. बाटल्या तशाही वगळायच्याच होत्या. त्यांनी वरचं पाणी काढलं, सगळ्या बाटल्यांचा गाळ एका तांब्यात गोळा केला आणि घरी पाटावर नेला. देवघरात ठेवला, कणगीत टाकला, थोडा तुळशीत घातला. ऑफिसातल्या लोकांचीही तीच पंचाईत झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी उरलेला कागदाच्या पुड्या करून सगळ्यांना वाटला. मेहजबीन त्या वेळी रजेवर होती, घरातला तोच गाळ उपसत होती.

“सगळ्यांना दिलात?” तिने विचारलं.

“समद्यांना.” मग ते जरा घुटमळले. “तुमची पुडी न्हाई ठिवली. म्हनलं, तुमाला दिलेलं बरं दिसंल का.”

तिला त्या माणसावर ओरडायचं होतं आणि ओरडावं असं त्याने काहीच केलं नव्हतं. एक पुडी त्याने तिच्यासाठी ठेवली असती तरी ती कामावर परतली त्याच दिवशी तिला कळलं असतं. देवघरांतून, कणग्यांतून, कुठून कुठून ती माती वेचून आणता आली असती, निदान प्रयत्न तरी करता आला असता. घाट बंद होते म्हणून तो गाळ खरा होता, आणि घाट बंद होते म्हणूनच तो गेला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी एकाच कारणाने घडल्या. असल्या गोष्टीवर माणसाने रडायचं की हसायचं, तिला कळेना.

त्या बाटल्यांवर काय अवलंबून होतं ते तिने रंगरावांना सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. आधी त्यांना विश्वासच बसेना, की वगळलेल्या बाटलीत कुणाचं घर असू शकतं. मग ते उठले आणि आत्ताच वाडीला जाऊन कणगी उपसतो म्हणाले. तिने अडवलं. कणगीतल्या भुशात मिसळलेल्या, सगळ्या बाटल्यांच्या एकत्र केलेल्या मातीचं वजन कशाला गुणायचं? कुठल्या तासाची, किती पाण्यातली? एखाद्या विद्यार्थ्याने असला नमुना तिच्यापुढे आणला असता तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

सरांच्या खोलीत ती परत गेली ती नुसतं सांगायला. बोलता बोलता तिची नजर टेबलावर गेली. सरांच्या टेबलावर काचेखाली गणपतीची तसबीर होती आणि तिच्यापुढे चहाच्या बशीएवढं पितळी तबक. तबकात चिमूटभर लाल काहीतरी होतं. कामावर परतल्यापासून ती ते रोज पाहत होती आणि गुलाल समजत होती. आज तिने नीट पाहिलं. गुलालाला असे खडे नसतात.

“सर, ती पुराची माती आहे,” ती म्हणाली.

सरांनी तबकाकडे पाहिलं. त्यांना कळलं, ते हुशार होते, त्यांना लगेच कळलं. त्यांनी हात पुढे केला आणि तबक तिच्यापासून थोडं दूर, तसबिरीच्या जवळ सरकवलं.

“प्रसाद आहे, मॅडम,” ते म्हणाले, आणि अहवालाचा कागद तिच्यापुढे ठेवला.

गाळाच्या आकड्याखाली तपासणाऱ्याची सही लागते, आणि तपासणारी ती होती. तिने आकडा पुन्हा एकदा वाचला. त्यात चूक नव्हती. प्रत्येक बाटली तिने स्वतः तोलली होती, प्रत्येक गुणाकार पडताळला होता, नियम तिचा होता आणि तो अक्षरशः पाळला गेला होता. इतका बिनचूक आणि इतका खोटा आकडा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. सही न करावी तर सही करायला दुसरा कुणीतरी होताच, आणि मग बाईने घरासाठी अडवणूक केली असं म्हणायला सगळे मोकळे. तिने सही केली. तबकातली माती त्या वेळी तिच्या मनगटापासून वीतभर अंतरावर होती.

समितीची सुनावणी वॉर्ड ऑफिसच्या सभागृहात झाली. नावघाटची माणसं धुतलेले कपडे घालून आली होती. अय्युब अत्तार पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीची टोपी घालून, मुलीच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखे. आकडा वाचला गेला. यंदा गाळ नेहमीपेक्षा कमी. ठेकेदाराच्या सल्लागाराने ती संधी सोडली नाही. उठून म्हणाला की काठाच्या कामामुळे नदीचं पात्र स्थिर झालं आणि गाळाचं प्रमाण घटलं, ही समाधानाची बाब आहे, आणि याची नोंद घ्यावी. नोंद घेतली गेली. अशा नोंदी आपल्याकडे चटकन घेतात.

बायडाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं की माझ्या चुलीतून तीन घमेली लाल माती काढली, ती कुठं गेली या हिशोबात? अध्यक्षांनी कागद चाळले आणि सौजन्याने सांगितलं की तो दिवस वगळलेला आहे, आजी. बायडाबाईंना ते समजलं नाही. त्यांनी मागे वळून मेहजबीनकडे पाहिलं, आता ही सांगेल अशा नजरेने.

अध्यक्षांनीही तिच्याकडे पाहिलं. सही आपली आहे ना, आकडा बरोबर आहे ना, असं विचारलं. मेहजबीन उभी राहिली. रात्रभर तिने मनात वाक्यं जुळवली होती; पूर, तारीख, घाट, मुरूम, सगळं ओळीने. पण त्या सगळ्या वाक्यांपुढे ठेवायला तिच्याजवळ एक बाटली नव्हती, आणि बाटलीशिवाय बोलणाऱ्या माणसाला ती स्वतः नेहमी गप्प बसवत आली होती.

“आकडा बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी...”

“धन्यवाद,” अध्यक्ष म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला.

घरी जाताना रिक्षात अब्बांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिची घडी पुन्हा पुन्हा दाबत होते. नावघाटच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा टपरीवर चारपाच माणसं उभी होती. ती यांच्याकडे बघून लगेच दुसरीकडे बघू लागली. अब्बा उतरायचे थांबले.

“तू खोटं बोलली नाहीस, एवढं मला कळलं,” ते मराठीत म्हणाले. “पण यांना मी काय सांगू?”

ते उतरले आणि टपरीकडे न बघता, भिंतीला हात लावत घराकडे चालू लागले.

नोटिसा दिवाळीच्या आधी आल्या. नव्या इमारतीत अत्तारांना सातवा मजला मिळाला होता. खिडकीतून एक टेकडी आणि तिच्या कडेची खाण दिसते म्हणे. तिथे पाणी कधीच शिरणार नाही, असं नोटीस द्यायला आलेल्या माणसाने हसून सांगितलं, आणि सांगताना आपण काही विनोद करतोय असं त्याला वाटलं नाही. नावघाटच्या रिकाम्या जागेत काय होणार ते कुणी बोललं नाही, पण नवा रस्ता तिथपर्यंत येऊन थांबला होता आणि रस्ते काही उगाच थांबत नाहीत.

त्याच आठवड्यात एका सकाळी रंगराव प्रयोगशाळेत आले. सुनावणीपासून ते मेहजबीनच्या समोर यायचं टाळत होते. बाटल्या दाराशी ठेवून निघून जायचे. आज आत आले आणि त्यांनी पिशवीतून एक स्टीलची डबी काढून तिच्या टेबलावर ठेवली. तुळस उपटली, ते म्हणाले. मुळाशी जेवढी लाल माती दिसली तेवढी वेगळी केली, देवघरातली पुडी त्यात घातली, कणगीतली चाळून घेतली. सून ओरडली, पण केलं. एवढीच राहिली. कुठं लिहायला आली तर बघा.

डबीत अर्धी वाटी माती होती. तिच्यात तुळशीचं एक बारीक मूळ होतं आणि ज्वारीचे दोन दाणे. मेहजबीनने ती बोटांनी चिमटीत घेतली. खरखरीत होती, लाल होती, फरशीच्या सांध्यातून न जाणारी तीच. इतके दिवस तिने जे आवरून धरलं होतं ते त्या स्पर्शाने सुटलं. समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याची दया यायला हवी होती आणि ती आली नाही. त्याने तुळस उपटली होती, सुनेची बोलणी खाल्ली होती, आणि तिला फक्त एवढंच सुचत होतं की याने तेव्हा एक पुडी माझ्यासाठी ठेवली नाही.

ती उठली, डबी घेऊन सिंकपाशी गेली आणि पालथी केली.

रंगराव एकदम पुढे आले. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्याच बाटलीचा गाळ त्या सिंकमध्ये जाऊ दिला नव्हता. वजन झालेला गाळही ते महिन्याच्या महिन्याला पुलावर नेऊन परत नदीत सोडायचे. त्यांचा हात तिच्या हातापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

“म्याडम, नदीची माती हाय ती,” ते म्हणाले.

“नदीची नाही, रंगराव,” मेहजबीन म्हणाली. “ठेकेदाराची आहे.”

आणि तिने नळ सोडला.